धुरेवरचा दाब : ट्रेलर ओढताना वजन नेमकं कुठं जातं

माझे आजोबा गाडी भरून झाली की लगेच बैल जुंपत नसत. शेवटचं पोतं चढलं की धुरेपाशी यायचे, जू दोन्ही हातांनी थोडं वर उचलून बघायचे आणि बहुतेक वेळा म्हणायचे, "एक पोतं पुढं घ्या रे." गाडी मागं जड झाली की उलाळते. जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याचे पट्टे आवळतात, चढावर तर जनावर टांगल्यासारखं होतं. पुढं फार जड झाली तर सगळं ओझं त्यांच्या मानेवर येतं. जू मानेवर बसून राहील एवढा दाब हवा, मान मोडेल एवढा नको. आजोबांकडे ना टेप होती ना काटा. हाताला जे कळायचं त्यावर ते चालायचे.

ते मला आठवले अमेरिकेत, टेक्सासमध्ये, आय-10 हायवेवर, केरव्हिलच्या पश्चिमेला. ऑस्टिनहून बिग बेंड नॅशनल पार्कला निघालो होतो. मागं नुकताच घेतलेला सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं छोटं घर, आणि गाडीत आम्ही चौघं. त्या पट्ट्यात वेगमर्यादा 80 मैलांची आहे, मी 65 वर होतो. शेजारून अठरा चाकी ट्रक गेला. त्याच्या हवेनं आधी ट्रेलर बाहेर ढकलला गेला, मग आत ओढला गेला. इथपर्यंत ठीक, ते होतंच. पण ट्रक पार पुढं निघून गेल्यावरही ट्रेलर दोन-तीन हेलकावे खात राहिला. मी स्टिअरिंग किंचित फिरवलं तर गाडीला ते जरा उशिरा कळल्यासारखं वाटलं. स्टिअरिंग इतकं हलकं झालं होतं की पुढची चाकं रस्त्यावर आहेत की नाहीत अशी शंका यावी. बायको काही बोलली नाही, तिनं फक्त दारावरचं हँडल धरलं.

गाडीला ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याला हिच म्हणतात. आमच्याकडे वजन वाटून देणारा हिच होता, म्हणजे इथं ज्याला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच म्हणतात तो. डीलरकडच्या माणसानं पंधरा मिनिटांत लावून दिला होता. ट्रेलर त्या वेळी रिकामा होता. त्यात आम्ही काय काय भरणार हे त्यानं विचारलं नाही, आणि ते विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं. महागातलं सामान असूनही गाडी उलाळलेली होती. कशी ते कळायला मला पुढचे दोन शनिवार लागले.

वजनाचा हिशेब

ट्रेलरचा पुढचा निमुळता दांडा गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर टेकतो. तिथं जे वजन पडतं त्याला टंग वेट म्हणतात. मी त्याला सरळ 'दाब' म्हणतो, कारण तो धुरेवरचाच दाब आहे. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी हा दाब भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा लागतो. म्हणजे 5,000 पौंडांच्या ट्रेलरला 500 ते 750. कमी पडला तर ट्रेलर मागून शेपूट हलवायला लागतो आणि एका वेगापुढं ते हलणं आपोआप वाढत जातं.

समजा दाब 600 पौंड आहे, म्हणजे साधारण 270 किलो. हे वजन गाडीच्या मागच्या चाकांवर पडत नाही, त्यांच्याही मागं पडतं. मागच्या आसापासून बॉल 60 इंच मागं आहे आणि पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर 120 इंच आहे असं धरा. मुलांच्या बागेतला सीसॉ आठवा, मागचा आस म्हणजे त्याचा मधला खुंटा. मागचं टोक 600 पौंडांनी खाली दाबलं की पुढचं टोक उचललं जाणारच. किती? 600 गुणिले 60 भागिले 120, म्हणजे 300 पौंड. पुढच्या चाकांवरून 300 पौंड निघून गेले आणि मागच्या चाकांवर 600 नव्हे, 900 आले.

पुढची चाकं वळवतात, आणि ब्रेक दाबल्यावर सगळ्यात जास्त काम तीच करतात. त्यांच्यावरून 300 पौंड काढून घेतले की स्टिअरिंग लोण्यासारखं होतं. रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात आणि समोरचे ड्रायव्हर आपल्याला डीपर मारतात. सांगली-कोल्हापूरकडं गळीत हंगामात ऊस नेणारे ट्रॅक्टर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन ट्रॉल्या ठासून भरलेल्या आणि चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं जमीन सोडायला लागलेली. तिथं उपाय म्हणून पुढच्या बाजूला जड वजनं लावतात. रोग तोच, पण तो इलाज आपल्या गाडीला चालत नाही, कारण तिच्या आसांना आणि टायरांना आधीच मर्यादा आहेत.

आता या हिचची करामत. गाडीच्या मागच्या बाजूला, हिचच्या जागी, दोन लांब पहारी घट्ट रोवल्यात अशी कल्पना करा. पहारींची टोकं मागं ट्रेलरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना आलीत. त्या दांड्यावर दोन माणसं उभी आहेत आणि एकेक पहार वर उचलून धरतायत. पहारी पुढं घट्ट बसलेल्या असल्यामुळं गाडीचं मागचं अंग वर उचललं जातं आणि नाक खाली दाबलं जातं. पुढच्या चाकांना त्यांचं वजन परत मिळतं. ती दोन माणसं मात्र ट्रेलरवर उभी आहेत, त्यामुळं त्यांच्या जोराची उलट बाजू ट्रेलरला सोसावी लागते. थोडं वजन ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर जातं. पहारींच्या जागी स्प्रिंग बार आणि माणसांच्या जागी साखळ्या किंवा कोनाचे ब्रॅकेट ठेवा, झाला हिच.

इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे, मलाही होता. गाडीचं मागचं अंग बसलं की मागच्या स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या टाकायच्या, गाडी सरळ दिसते, काम झालं. पिशव्या गाडी वर उचलतात, वजन हलवत नाहीत. पुढची 300 पौंड गेलेली ती गेलेलीच, फक्त आता ती दिसत नाहीत. म्हणजे दुखणं तसंच आणि वर लक्षणही झाकलं. मी तर म्हणेन, बसलेली गाडी परवडली, ती निदान खरं सांगते.

आधी दारावरचा कागद वाचा

नटबोल्टचे पाने आणि टेप काढायच्या आधी ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर टायरच्या हवेबद्दलचा एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं, समजा 1,500 पौंड. ट्रेलरचा दाब याच आकड्यातून वजा होतो. 600 दाब, हिच स्वतः 80-100 पौंडांचा, चार माणसं, कुत्रा, मागच्या डिकीतला कूलर. आकडा कसा संपतो ते कळतही नाही. जाहिरातीत "8,000 पौंड ओढते" असं मोठ्या अक्षरात असतं, पण बहुतेक घरगुती गाड्यांची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी या स्टिकरवर येऊन थांबते.

ते जाहिरातीतले आकडे आता निदान एका पद्धतीनं काढलेले असतात. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीनं मोजायची. 2008 मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेनं जे2807 नावाचं मानक काढलं आणि 2011 च्या मॉडेलांपासून टोयोटानं ते सगळ्यांत आधी पाळलं. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, एसी चालू ठेवून, ठरलेल्या वेगाखाली न येता ट्रेलर ओढून दाखवावा लागतो, अशा कसोट्या त्यात आहेत. चांगलं काम आहे. पण त्यात गाडीत बसलेली माणसं दोन धरली आहेत, प्रत्येकी 150 पौंडांची. आई-बाबा भारतातून आलेत, मागं दोन मुलं आहेत आणि पिंपात तांदूळ आहे, असं कुटुंब त्या कसोटीत बसत नाही.

दुसरा स्टिकर हिच रिसीव्हरवर, म्हणजे बंपरखालच्या त्या चौकोनी नळीपाशी असतो. त्यावर बहुधा दोन रकाने असतात. एक नुसत्या बॉलवर किती वजन चालेल त्याचा, दुसरा वजन वाटणारा हिच लावला तर किती चालेल त्याचा. दुसरा आकडा मोठा असला तरी त्यानं दारावरचा आकडा वाढत नाही. गाडीची पुस्तिकाही बघाच. काही गाड्यांना असा हिच लावायचाच नाही असं कंपनीनं स्पष्ट लिहिलेलं असतं. मग तिथं विषय संपला.

आणि ट्रेलरच्या माहितीपत्रकातल्या 'ड्राय वेट'वर विश्वास ठेवू नका. त्यात पाणी नाही, सामान नाही, बऱ्याचदा बॅटरीही नाही. एक गॅलन पाणी 8.3 पौंडांचं. 40 गॅलनची टाकी भरली की 330 पौंड झाले, आणि ती टाकी आसाच्या पुढं आहे की मागं यावर दाब वाढतो की कमी होतो ते ठरतं. आमच्या ट्रेलरमध्ये ती मागं आहे. त्या दिवशी ती पूर्ण भरलेली होती, वर मागच्या कप्प्यात खुर्च्या, शेगडी आणि पाण्याचे दोन कॅन. आजोबा असते तर लांबूनच ओरडले असते.

टेप, पेन्सिल आणि सपाट जागा

खरं काम मोजायचं आहे, पान्यानं नट फिरवणं त्याच्या निम्मंही नाही. सपाट जागा शोधा. आमच्या रस्त्याला उतार आहे, म्हणून मी शनिवारी सकाळी शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गेलो. गाडी आणि ट्रेलर दोन्ही प्रवासाला निघताना जसे भरतो तसेच भरा. पेट्रोलची टाकी पूर्ण, गॅसचे सिलिंडर पूर्ण, ट्रेलरमध्ये भांडीकुंडी, गाडीत माणसं. माझी मुलं मागच्या सीटवर बसून कंटाळली होती, पण त्यांचं ते 140 पौंड वजन मला हवंच होतं. गाडीला आपोआप उंची जुळवणारं सस्पेन्शन असेल तर ते मोजताना कसं ठेवायचं हे पुस्तिकेत बघा, नाहीतर आपण मोजतोय ते एक आणि गाडी करतेय ते दुसरं असं होतं.

पहिलं मोजमाप गाडी एकटी असताना. पुढच्या चाकाच्या मध्यावर, जमिनीपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेप धरा. आमचं आलं 36 इंच. चिकटपट्टीचा तुकडा मडगार्डला लावून त्यावरच लिहिलं, म्हणजे प्रत्येक वेळी टेप त्याच जागी लागते. पाव इंचाचा घोळ इथं महाग पडतो.

मग ट्रेलर एकटा जॅकवर सरळ, पाण्याच्या पातळीत करायचा आणि कपलरची, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या त्या टोपीची, उंची मोजायची. बॉलचा माथा कपलरपेक्षा थोडा वर ठेवतात, कारण वजन आल्यावर गाडीचं मागचं अंग थोडं बसणारच. किती वर ते हिचच्या पुस्तिकेत असतं, साधारण अर्धा ते एक-दीड इंच. ही उंची जुळवायची ती शँक, म्हणजे रिसीव्हरच्या नळीत जाणारा दांडा, वर-खाली करून आणि हिचचं डोकं, म्हणजे बॉल धरणारा भाग, त्याच्या कुठल्या भोकात बसवायचं ते ठरवून. चुकायचंच असेल तर ट्रेलरचं नाक किंचित खाली राहिलेलं चालेल, वर नको. नाक वर असलेला ट्रेलर म्हणजे उलाळलेली गाडीच, शिवाय दोन आसांच्या ट्रेलरमध्ये मागच्या आसावर जास्त भार येतो.

बॉलबद्दल दोन शब्द. बॉलच्या माथ्यावर त्याचं माप कोरलेलं असतं. 2 इंची बॉलवर 2 5/16 इंचाचा कपलर बसल्यासारखा दिसतो, कडीसुद्धा लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो उडून बाहेर येतो. माथा वाचा, कपलरवरचा आकडा वाचा. बॉलचा नटही हातानं 'घट्ट वाटतो' तितका घट्ट नसतो. जाड दांड्याच्या बॉलला 400 फूट-पौंडांच्या वर टॉर्क लागतो, तो घरच्या पान्यानं येत नाही. मी तो ट्रकवाल्या गॅरेजमध्ये नेऊन आवळून घेतला.

आता ट्रेलर जोडा, पण बार लावू नका. पुन्हा मोजा. आमचं पुढचं माप 36 वरून 37¼ झालं. म्हणजे नाक सव्वा इंच वर उचललं गेलं होतं. हा सव्वा इंच म्हणजेच ते पळून गेलेले 300 पौंड.

बार लावताना सगळ्यात मोठी चूक नुसत्या ताकदीची. बारची टोकं तशीच वर ओढून साखळी अडकवायला गेलात तर साखळी ओढायचं हँडल हातातून सुटून येतं, आणि ते येतं तेव्हा मनगट किंवा जबडा बघत नाही. ट्रेलरचा जॅक इथं तुमचा बैल आहे. कपलर बंद, कडी लागलेली, आणि मग जॅकनं दांडा वर घ्यायचा. गाडीचं मागचंही अंग सोबत वर येतं, बारवरचा ताण जातो आणि ते जवळजवळ हातानं जागेवर बसतात. मग जॅक खाली सोडला की ताण हळूहळू त्यांच्यात येतो. चेहरा आणि पाय बारच्या रेषेबाहेर ठेवून.

बार लावून मोजलं, 37. डीलरनं लावलेली घडी मी मुद्दाम हलवली नव्हती. एवढ्या मोठ्या यंत्रानं परत काय दिलं, तर पाव इंच.

किती परत मिळायला हवं यावर मत बदलत आलं आहे. जुने लोक सांगायचे, पुढचं-मागचं अंग सारखं बसलं पाहिजे, किंवा पुढचं माप जसंच्या तसं 36 वर यायला हवं. आता बऱ्याच कंपन्या निम्म्याच्या आसपास परत आणा म्हणतात. फोर्डच्या एफ-150 च्या अलीकडच्या पुस्तिका हेच सांगतात. कारण समजून घेण्यासारखं आहे. पुढं फार वजन ढकललं की मागची चाकं हलकी होतात, आणि ओल्या वळणावर मागचं अंग घसरून गाडी-ट्रेलर कोयत्यासारखे दुमडण्याचा धोका वाढतो. म्हणून पुढचं माप मूळ 36 च्या खाली कधीच जाऊ द्यायचं नाही. तुमच्या गाडीची पुस्तिका जो हिस्सा सांगते तो पाळा, शेजाऱ्याचा नाही. माझ्या बाबतीत लक्ष्य 36 आणि 36 5/8 यांच्या मध्ये कुठंतरी होतं.

ताण वाढवायचे मार्ग दोन. साखळीच्या हिचमध्ये एक कडी वर अडकवायची, ब्रॅकेटच्या हिचमध्ये ब्रॅकेट एक भोक वर घ्यायचं. किंवा हिचच्या डोक्यात एक वॉशर वाढवून ते डोकं ट्रेलरकडं थोडं जास्त कलवायचं. डोकं कललं की बारची टोकं खाली जातात आणि त्यांना तेवढ्याच उंचीवर आणायला जास्त वाकवावं लागतं. मी आधी पाणी काढलं. मागच्या टाकीत फक्त एक-दोन बादल्यांपुरतं ठेवलं, खुर्च्या आणि कॅन आसाच्या जवळ आणले. यानं दाब वाढला, त्यामुळं बार नसतानाचं माप पुन्हा घ्यावं लागलं. मग एक वॉशर वाढवला. दुसऱ्या शनिवारी दुपारी टेप 36½ वर थांबली तेव्हा माझे कोपर ग्रीसनं काळे झाले होते आणि मुलगी विचारत होती की आपण आज कुठंच जाणार नाही का.

बार किती ताकदीचे घ्यायचे यातही लोक गफलत करतात. 1,000 पौंडांचे बार 600 च्या दाबाला लावले की 'सुरक्षित' वाटतं. प्रत्यक्षात ते इतके ताठ असतात की प्रत्येक खड्ड्याचा धक्का ट्रेलरच्या दांड्याला आणि आतल्या कपाटांना बसतो. फार हलके घेतले तर ते वाकतात पण वजन हलवत नाहीत. दाब अधिक गाडीच्या मागच्या आसामागं ठेवलेलं सामान, एवढ्याला पुरतील असे घ्यायचे.

काट्यावरची चिठ्ठी

टेप दिशा दाखवते, आकडा काटाच देतो. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात. पिवळ्या-काळ्या पाटीचा काटा, ट्रकवाल्यांसाठी केलेला, पण आपल्यालाही कुणी अडवत नाही. पहिल्या वजनाला पंधरा डॉलरच्या आसपास पडतात आणि 24 तासांत त्याच गाडीचं पुन्हा केलं तर पैसे बरेच कमी. काट्याच्या तीन पट्ट्या असतात. पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर. मी तीन फेऱ्या मारल्या. मागं अठरा चाकीवाले थांबलेले बघून कसनुसं होत होतं, म्हणून गर्दी नसेल अशा वेळी जा.

गाडी एकटी : पुढं 3,000, मागं 3,100. ट्रेलर जोडून, बार सोडून : 2,700, 4,000 आणि ट्रेलरवर 4,400. बार लावून : 2,860, 3,780 आणि 4,460. तिन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की सगळी गोष्ट त्यात आहे. पुढून 300 गेले होते, त्यातले 160 परत आले. मागच्या आसावरून 220 उतरले. 60 पौंड ट्रेलरच्या चाकांवर गेले. बेरीज दुसऱ्या-तिसऱ्या चिठ्ठीत तीच, 11,100. हिचनं एक पौंडसुद्धा नाहीसा केला नाही. दाबही त्यातूनच निघतो. दुसऱ्या चिठ्ठीत गाडीवर 6,700 आहेत, पहिलीत 6,100, म्हणजे 600. पूर्ण ट्रेलर 5,000 चा, म्हणजे बरोबर 12 टक्के. मग हे आकडे दारावरच्या पट्टीवर छापलेल्या प्रत्येक आसाच्या मर्यादेशी ताडून बघायचे.

हेलकाव्यांचं काय

हिच नीट लागला की ट्रेलर हलायचा थांबतो अशी एक समजूत आहे. वजन वाटणं आणि हेलकावा रोखणं ही दोन वेगळी कामं आहेत. काही हिचमध्ये घर्षणानं हेलकावा दाबण्याची सोय असते, काहींना वेगळी पट्टी जोडावी लागते, काहींत काहीच नसतं. आणि ट्रेलरवर दाबच कमी असेल तर जगातला कुठलाही हिच ते झाकून नेऊ शकत नाही. इथं विद्यार्थी असताना यू-हॉल या भाड्यानं ट्रेलर देणाऱ्या कंपनीचा ट्रेलर घेऊन घर बदललेल्यांना ती सूचना आठवत असेल, 60 टक्के सामान पुढच्या अर्ध्यात भरा आणि 55 मैलांच्या वर जाऊ नका. तो सगळा याचाच सोपा पाठ आहे. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानंच 55 ची मर्यादा आहे. आय-10 वर पाटी 80 ची असली तरी ट्रेलरच्या 'एसटी' म्हणजे स्पेशल ट्रेलर टायरांवर वेगाचं अक्षर नसेल तर ते 65 मैलांपुरतेच समजायचे.

युरोपात राहणारे मित्र म्हणतात, आमच्याकडं तर 5-7 टक्के दाबावर कॅरव्हॅन चालतात, असले बार कुणी लावत नाही. खरं आहे. तिथं कॅरव्हॅन हलक्या असतात, आस साधारण मधोमध असतो, हेलकावा रोखणारे कपलर सर्रास असतात आणि जर्मनीत खास परवानगी नसेल तर ताशी 80 किलोमीटरच्या वर जाता येत नाही. पद्धतच वेगळी आहे. अर्धी इकडची, अर्धी तिकडची उचलून चालत नाही.

तरीही ट्रेलर हलायला लागलाच तर पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच काढा, स्टिअरिंग सरळ धरा, उलट दिशेला फिरवून 'पकडायला' जाऊ नका. गाडीचा ब्रेक करकचून दाबू नका. डॅशबोर्डवर ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर असेल तर त्याची कळ हातानं दाबा, म्हणजे फक्त ट्रेलर मागून ओढला जाऊन सरळ होतो. गाडी चालवायला बसल्यावर ती कळ न बघता हाताला सापडते का, हे आधी करून बघा. मला त्या दिवशी सापडली नव्हती.

सुटे करताना

मुक्कामावर पोचलात की आधी ट्रेलरच्या चाकांना उटी, म्हणजे अडसर, लावा, दोन्ही बाजूंनी. मग जॅकनं दांडा वर घेऊन बारचा ताण काढा, बार सोडा, बाजूला ठेवा. मग जॅक थोडा खाली सोडून कपलरची बॉलवरची वरच्या दिशेची ओढ कमी करा आणि त्यानंतर कपलरची कडी उघडा. सुरक्षेच्या साखळ्या आणि वायर सगळ्यात शेवटी. साखळ्या जोडताना दांड्याखाली फुलीसारख्या एकमेकींवरून न्यायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. घर्षणाची वेगळी पट्टी असेल तर रिव्हर्स घेण्याआधी तिच्या पुस्तिकेत बघा, बहुतेक ती सैल करायला किंवा काढायला सांगतात. पेट्रोल पंपाच्या तीव्र उतारावर किंवा खोल गटारावरून जाताना बार कडकडतात, तो आवाज साधारण असतो. पण घरच्या ड्राइव्हवेचा चढ फारच उभा असेल तर तिथं बार सोडूनच हळू आत घ्या.

पहिल्या लांब फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, ते बसतात आणि सैल होतात. माझ्याकडे ट्रेलरच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं तीन आकडे लिहिलेत : 36, 37¼, 36½. सामान फार बदललं की टेप पुन्हा बाहेर येते.